क्लिअर बॉडीवर क्रोम करायचंय? मग काळ्या रंगाचा विचार आधी करा

रिमोटवर चालणाऱ्या मॉडेल गाडीची, म्हणजे आरसी गाडीची, जुन्या गाडीच्या आकाराची पारदर्शक प्लास्टिकची क्लिअर बॉडी हातात आली की मेन कलर ठरवायच्या आधी मी तिच्यावर क्रोम कुठेकुठे आहे ते बघत बसतो. बंपर, ग्रिल, हेडलाइटच्या रिंगा, काचेभोवतीच्या पट्ट्या, दाराची हँडल्स, आणि पन्नासच्या दशकातली अमेरिकन गाडी असेल तर बाजूने पुढून मागे गेलेली ती लांबलचक पट्टी. लाल मारा, निळा मारा, टू-टोन करा, गाडी छान दिसणारच आहे, पण ती खरी वाटते की खेळणं वाटते हे या बारीकसारीक गोष्टींवर ठरतं असं माझं ठाम मत आहे. आणि नेमकं इथेच लोक एक सिल्व्हरचा कॅन उचलतात, सगळीकडे तोच फवारतात आणि मग म्हणतात क्रोम काही जमत नाही बुवा.

जमतं हो. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला लागते, ती म्हणजे क्रोमला स्वतःचा असा रंग जवळपास नसतोच, समोर जे असेल ते त्यात दिसतं. रस्त्यावर उभ्या असलेल्या जुन्या गाडीचा बंपर एकदा नीट बघा, चांगला अर्धा भाग गडद दिसतो. वरच्या गोलाईत आकाश, खालच्या गोलाईत रस्ता, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे एक कडक काळपट रेघ. आपला मेंदू ती रेघ बघून ‘हे क्रोम आहे’ म्हणतो, नुसत्या चमकेवरून नाही म्हणत. म्हणून साधा सिल्व्हर सपाट मारला की तो राखाडी प्लास्टिकसारखाच दिसतो, कितीही महाग पेंट असला तरी. म्हणजे आपल्याला दोन गोष्टी साधायच्यात, आरशासारखा पहिला थर आणि त्याला खेटून असलेला काळा. बाकी सगळं या दोघांच्या सोयीसाठी.

नवीन लोकांसाठी पटकन बेसिक सांगतो. या बॉडी पॉलिकार्बोनेटच्या असतात. हे प्लास्टिक १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीत आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये जवळपास एकाच वेळी, वेगवेगळं तयार झालं, त्यातलं जनरल इलेक्ट्रिकने दिलेलं ट्रेडनेम लेक्सन, आणि आपण सगळे सरसकट तेच म्हणतो. शीट गरम करून साच्यावर व्हॅक्यूमने ओढलेली असते. रंग आतून मारायचा, बाहेरच्या बाजूला ओव्हरस्प्रे, म्हणजे इकडेतिकडे उडालेला रंग, अडवायला फिल्म असते ती शेवटी काढायची. त्यामुळे क्रम उलटा होतो, बाहेरून जे सगळ्यात वर दिसायला हवं ते आतून सगळ्यात आधी मारायचं. पेंट पॉलिकार्बोनेटसाठी बनवलेलाच घ्या. तामिया कंपनीची पीएस सिरीज या कामाची आहे आणि टीएस सिरीज कडक प्लास्टिकच्या मॉडेल्ससाठी, कॅन दिसायला सारखेच असतात तेव्हा घेताना अक्षरं नीट वाचा, कारण टीएस लेक्सनवर मारला की पहिल्या धडकेत बॉडी वाकते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात.

आणि धुणं. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, मऊ स्पंज, नंतर पुसायचं नाही तर झटकून वाळू द्यायचं. साच्यातून येताना राहिलेलं काहीबाही आणि बोटांचा तेलकटपणा, दोन्ही गेलं पाहिजे. साध्या रंगात बोटाचा ठसा लपून जातो, क्रोममध्ये मात्र तो ठसा जसाच्या तसा बाहेरून दिसतो आणि एकदा रंग बसला की काही करता येत नाही, म्हणून धुतल्यानंतर मी ग्लव्हजशिवाय आतल्या बाजूला हातच लावत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. मिरर क्रोम नावाचे जे पेंट मिळतात त्यात अ‍ॅल्युमिनियमचे अतिशय पातळ, चपटे कण असतात आणि त्यांना धरून ठेवणारा बाइंडर फार थोडा असतो. हे कण सपाट, एकाशेजारी एक असे आडवे पडले की आरसा होतो. तेच कण जाड ओल्या थरात पोहत राहिले आणि वाकडेतिकडे वाळले की प्रकाश दहा दिशांना फेकतात, आणि आपल्याला दिसतो राखाडी सिल्व्हर. खऱ्या क्रोम प्लेटिंगची गंमतही अशीच आहे, वरचा क्रोमियमचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि चमक मुख्यतः त्याच्या खालच्या गुळगुळीत निकेलची असते, क्रोमियम तिला तो निळसर थंडपणा देतं आणि निकेल काळवंडू देत नाही. आपल्याकडे निकेलचं काम प्लास्टिकचा आतला पृष्ठभाग करतो. तो आधीच काचेसारखा गुळगुळीत आहे, म्हणून तर क्लिअर बॉडीवर क्रोम हे कडक बॉडीपेक्षा खरंतर सोपं आहे, फक्त त्या पृष्ठभागावर ओरखडा नको आणि पहिला थर बिघडता कामा नये. कारण बाहेरून दिसतो तो फक्त प्लास्टिकला चिकटलेला पहिला थर, त्याच्या मागे तुम्ही आणखी किती क्रोम ओतलं याला काही अर्थ नाही.

कडक बॉडीवर आधी ग्लॉस काळा आणि त्यावर क्रोम असा क्रम असतो. क्लिअर बॉडीवर बरोब्बर उलटा, आधी क्रोम आणि त्यामागे काळा. स्पॅझ स्टिक्स कंपनीचा अल्टिमेट मिरर क्रोम लेक्सनवर असाच वापरतात, थेट प्लास्टिकवर हलके कोट आणि मग मागून काळं बॅकिंग, म्हणजे पाठीमागचा थर. स्केल मॉडेल करून आरसीकडे आलेले लोक सवयीने आधी काळा मारतात आणि मग त्यांचं सगळं क्रोम काळ्याच्या मागे लपून जातं.

पहिला थर मारताना कॅन किंवा एअरब्रश भरपूर हलवून घ्या, अ‍ॅल्युमिनियम तळाला बसतं. एअरब्रश असेल तर ०.३ मिमी किंवा त्याहून बारीक नोझल आणि १२ ते १५ पीएसआयचं प्रेशर पुरतं. हात सतत फिरता ठेवायचा, कुठे थांबायचं नाही, आणि पहिल्या फेरीत झाकायचा मोह टाळायचा. दोन-तीन हलक्या फेऱ्या झाल्या की बॉडी दिव्यासमोर धरा. आरपार थोडं दिसलं पाहिजे, धुरकट काचेतून दिसतं तितपत. इथे हमखास वाटतं की कमी पडलंय, अजून एक जाड कोट मारू या. नका मारू! ते अर्धपारदर्शक क्रोमच बरोबर असतं, बाकीचं काम काळा करणार आहे.

मग वाळू द्यायचं, आणि हात लावून सुकलंय का बघायचं नाही, तो थर चोळला की खराब होतो. पूर्ण वाळल्यावर काळा, तोही आधी अगदी उडता. बॅकिंगचा पहिला कोट ओला पडला तर त्यातलं सॉल्व्हंट क्रोमच्या पातळ थराला सोडवतं, कण हलतात, आणि बाहेरून बघताना आरशावर वाफ धरावी तसं ते क्रोम डोळ्यांदेखत मंद होतं, फरक इतकाच की ही वाफ परत जात नाही. दोन-तीन उडते कोट बसले, वाळले, की मग नेहमीसारखा भरून मारला तरी चालतो. आणि पहिला काळा बसल्यावर बॉडी उलटी करून बाहेरून बघा, मला या सगळ्या कामातला हा क्षण सगळ्यात जास्त आवडतो, इतका वेळ जे फिकट, पाणचट वाटत होतं त्यात एकदम खोली येते, खिडकीची चौकट दिसायला लागते, आपला हात दिसायला लागतो. तरी एक लक्षात ठेवा, बाहेरची फिल्म असताना अंतिम निकाल लावू नका, ती थोडी धुरकट असते. फारच उत्सुकता असेल तर कापून टाकायच्या कडेजवळ तिचा कोपरा जरासा उचलून बघा.

आता काळ्या रेषेचं. खऱ्या गाडीवर क्रोमची पट्टी पत्र्यावर बसवलेली वेगळी वस्तू असते, तिच्या खाली सावली असते, कडेला बारीक फट असते. व्हॅक्यूमने ओढलेल्या बॉडीत हे सगळे काठ गोलमटोल होतात, पट्टीचा फक्त उंचवटा उरतो, फट आणि सावली गायब. ती आपल्याला रंगाने परत आणायची. मी जी पद्धत वापरतो तिच्यात एकच काळा दोन्ही कामं करतो, क्रोमचं बॅकिंगही आणि सावलीची रेषही, म्हणून मला ती फार आवडते.

आतून सगळीकडे लिक्विड मास्क (वाळल्यावर सोलता येतो असा पातळ द्रव), तीन-चार थर, नीट वाळलेला. थर पातळ राहिला तर काढताना तुकड्यातुकड्याने तुटतो, म्हणून इथे कंजुषी नको. त्याच्या आधी बाहेरच्या फिल्मवर मार्करने पट्ट्यांच्या रेघा आखून घेतल्या असतील तर आतून स्पष्ट दिसतात. मग नव्या पात्याने क्रोमच्या पट्टीचे दोन्ही काठ कापायचे, आणि त्याच बैठकीत खालच्या काठाला समांतर अर्ध्या मिलिमीटरवर आणखी एक रेघ. म्हणजे पट्टी एक आणि तिच्याखाली केसाएवढी दुसरी पट्टी. दोन्ही कापायच्या, पण सोलायची फक्त क्रोमची. क्रोम मारा, वाळू द्या, मग ती केसाएवढी पट्टी चिमट्याने सोला आणि आता काळा मारा. काळा क्रोमच्या मागेही जातो आणि त्या उघड्या रेघेतही भरतो. वाळला की काचांवरचा सोडून उरलेला सगळा मास्क काढून बॉडीचा मेन रंग बिनधास्त सगळीकडे मारा, क्रोम आणि रेघ दोन्ही त्याच्या पुढे असल्यामुळे त्यांना काही होत नाही. क्रोमला मेन रंगाचं सॉल्व्हंटही थेट लागत नाही कारण मधे काळा बसलाय.

कापताना जोर अजिबात नको, पात्याच्या स्वतःच्या वजनाने मास्क कापला गेला पाहिजे. प्लास्टिकवर खोल चर पडला तर क्रोममध्ये तो चकाकणाऱ्या रेघेसारखा दिसतो, आणि पुढे धडका बसल्या की तडा तिथूनच सुरू होऊ शकतो. पातं बोथट झालं की माणूस आपोआप जोर लावतो, तेव्हा पाती बदलत राहा. काचेखालच्या लांब पट्ट्यांना मी मास्क कापण्यापेक्षा बारीक व्हिनाइल टेप पसंत करतो, ती वळणावर छान वळते, फक्त काठ टूथपिकच्या मागच्या बाजूने दाबून घ्या नाहीतर क्रोम इतकं पातळ असतं की टेपखाली लगेच घुसतं.

ग्रिललाही हाच नियम. दांड्या क्रोम, मधल्या फटी काळ्या, म्हणजे फटींवर मास्क ठेवून क्रोम मारा, फटी सोला, वरून काळा. झालं. डोळ्यांना त्रास होईल इतकं बारीक काम आहे हे, पण पुढून बघताना नजर सगळ्यात आधी ग्रिलवरच जाते.

मापाबद्दल थोडं बोलायलाच हवं. १/१० स्केलमध्ये खऱ्या गाडीवरची २५ मिमीची पट्टी अडीच मिमी होते, आणि काचेभोवतीची १० मिमीची रिंग फक्त एक मिमी. बहुतेक बॉडींवर लोक दुप्पट जाड पट्टी काढतात, कारण तेवढी कापायला सोपी, आणि मग गाडी कार्टूनसारखी दिसते. शंका असेल तेव्हा बारीक ठेवा. सावलीची रेघ अर्धा मिमी म्हणजे खऱ्या गाडीवर पाच मिमी, ती बरोबर बसते.

आणि हे फार लोक करत नाहीत पण करून बघाच, सगळी चकाकणारी गोष्ट एकाच धातूची समजू नका. १९५७ ची शेवरले बेल एअर घ्या. बंपर स्टीलचे, त्यावर क्रोम प्लेटिंग. काचेभोवतीच्या पट्ट्या पॉलिश केलेल्या स्टेनलेस स्टीलच्या. मागच्या पंखांजवळ बाजूच्या पट्टीच्या आत जो मोठा तिकोनी भाग आहे तो टेक्स्चर असलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा. तीन धातू, तीन वेगळ्या चमका! बंपरला मिरर क्रोम आणि काळं बॅकिंग. पट्ट्यांना तामियाचा पीएस-४१ ब्राइट सिल्व्हर, तो आरसा होत नाही पण स्वच्छ उजळ राहतो आणि स्टेनलेससारखा दिसतो. अ‍ॅल्युमिनियमच्या भागाला पीएस-४८, जो मुळातच सेमी-ग्लॉस अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमसारखा आहे. हे तीन एकाच बॉडीवर शेजारीशेजारी आले की बंपर आपोआप जास्त चमकदार वाटतो कारण त्याच्या बाजूला कमी चमकणारं काहीतरी आहे. सगळं मिरर केलं तर उलट कशाचीच किंमत राहत नाही.

टेललाइटला क्रोमचा एक सुंदर उपयोग होतो. आधी पीएस-३७ ट्रान्सलुसंट (अर्धपारदर्शक) रेड, त्यामागे क्रोम, त्यामागे काळा. खऱ्या दिव्यातही लाल काचेमागे रिफ्लेक्टर असतो, त्यामुळे हा लाल आतून उजळल्यासारखा दिसतो, साध्या लाल रंगाला ते कधीच येत नाही. हेच निळ्या ट्रान्सलुसंटने केलं की निळा अ‍ॅनोडाइज्ड लुक येतो. पीएस-३१ स्मोकचा पातळ थर आधी आणि मग क्रोम म्हणजे काळपट क्रोम, आधुनिक गाड्यांच्या ग्रिलला हे शोभतं.

एअरब्रशवाले काही जण बंपरवर पूर्ण प्रतिबिंब रंगवतात, मधे क्षितिजाची गडद रेघ, वर निळसर, खाली तपकिरी, मागे सिल्व्हर. साध्या सिल्व्हरबरोबर हे अप्रतिम दिसतं आणि मिरर पेंट नसेल तर नक्की करा. पण मिरर क्रोमवर मी हे करत नाही. ते क्रोम खरंच आजूबाजूचं दाखवतं, त्यात रंगवलेलं आकाश आणि खरं आकाश दोन्ही आले की गोंधळ होतो, आणि गाडी फिरली तरी रंगवलेलं क्षितिज तिथेच चिकटून राहतं. बंपरच्या खालच्या गोलाईत स्मोकचा एक हलका फवारा मात्र देतो, तेवढ्याने वजन येतं.

बाहेरून करायच्या गोष्टी म्हणजे दाराची हँडल्स, अक्षरं, वायपर. यासाठी मोलोटो कंपनीचं लिक्विड क्रोम पेन चांगलं आहे, १, २ आणि ४ मिमी टोकांमध्ये येतं. रेघ एकदाच ओढायची, परत परत गिरवायची नाही, आणि मग त्याला बराच काळ बोट लावायचं नाही, वरवर वाळलेलं दिसलं तरी बोटाने मंद होतं. वरून पारदर्शक क्लिअर कोट मारला तर बहुतेक वेळा आरसा जातो आणि सिल्व्हर उरतो. बेअर-मेटल फॉइल, म्हणजे चिकटवायचा पातळ धातूचा पत्रा, हा दुसरा मार्ग, दिसायला धातूच, कारण ते धातूच आहे, पण ती शेल्फवरच्या बॉडीची गोष्ट. जी गाडी पळणार, उलटणार, भिंतीला घासणार, तिचं होईल तितकं क्रोम आतच असावं. बाहेरचं काहीही पहिल्या घसरणीत जातं, आतलं प्लास्टिकमागे सुरक्षित राहतं.

मास्कचा विषय निघालाच आहे तर नाकातोंडाच्या मास्कचंही सांगून टाकतो, कापडी किंवा साधा डस्ट मास्क सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर आणि हवा खेळती, याशिवाय क्रोम फवारू नका, त्यात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कणही उडतात.

आणि बंपरच्या मागच्या बाजूची काळजी. क्रोमच्या थरात बाइंडर कमी म्हणून त्याची पकड साध्या रंगापेक्षा कमजोर असते, आणि नेमका बंपरच सगळ्यात जास्त आपटतो. म्हणून तिथे काळ्यावर मेन रंग आणि त्यावर आणखी एक बॅकिंगचा थर जाऊ द्यावा, आणि सगळं पूर्ण वाळल्यावर आतून शू गू (बूट दुरुस्तीचा रबरी गोंद) आणि भिंतीच्या जोडांवर लावतात ती जाळीची ड्रायवॉल टेप लावावी, पातळ पसरून, एकदम गठ्ठा नाही, कारण त्या गोंदातही सॉल्व्हंट आहे आणि जाड थरात ते बराच वेळ अडकून राहतं. टेप बंपरच्या काठाच्या दोन मिमी आतच थांबवा म्हणजे बाहेरून कड जाड दिसत नाही, आणि कोपऱ्यांवर, जिथे प्लास्टिक ओढलं जाऊन सगळ्यात पातळ झालेलं असतं, तिथे दोन थर द्या.